टाउन हॉल कोणाचा?

मुंबईच्या कोटांत हॉर्निमन सर्कलच्या वाटोळ्या बागेसमोर एक प्रशस्त पांढरी इमारत उभी आहे. दर्शनीं आठ भले थोरले खांब, आणि त्या खांबांपर्यंत नेणाऱ्या ३० दगडी पायऱ्या. जुने मुंबईकर तिला टाउन हॉल म्हणतात, ग्रंथांच्या नादीं लागलेले लोक तिला एशियाटिक म्हणतात, आणि ज्यांना या दोहोंपैकीं एकाहि नांवाशीं कर्तव्य नाहीं अशीं कितीतरी माणसें कचेरी सुटल्यावर तिच्या पायऱ्यांवर घटकाभर टेकतात.

टाउन हॉल म्हणजे नगराचें सभागृह. नांवच असें कीं त्यांत मालकीचा प्रश्न उरूं नये. परंतु नांव देणें सोपें असतें, नांवाला जागणें कठीण. ही इमारत १८३३ सालीं बांधून पुरी झाली. ती नगराची मात्र त्या सालीं झाली नाहीं. तिच्या पायऱ्या चढण्याचा, चढल्यावर आंत बसण्याचा, आणि बसल्यावर तोंड उघडण्याचा अधिकार नगरवासीयांना एकेक करून मिळवावा लागला. त्या मिळवणुकीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

हकीकतीचा आरंभ एका न्यायाधीशापासून होतो. सर जेम्स मॅकिंटॉश हे मुंबईचे रिकॉर्डर, म्हणजे येथील राजाच्या न्यायासनाचे प्रमुख होते. त्यांनीं १८०४ च्या नोव्हेंबरांत परळ येथें आपल्या राहत्या घरीं कांहीं विद्याप्रेमी मित्रांस जमवून 'लिटररी सोसायटी ऑफ बाँबे' ही संस्था स्थापिली. पूर्वेकडील भाषा, इतिहास व विद्या यांविषयीं निबंध वाचावे, चर्चा करावी, ग्रंथ जमवावे, असा तिचा उद्देश होता. संस्था निघाली, पण तिला हक्काची जागा नव्हती. तेव्हां १८११ च्या सुमारास अशी कल्पना पुढें आली कीं, शहरासाठीं एक मोठें सभागृह बांधावें आणि त्यांतच या ग्रंथसंग्रहासहि आसरा द्यावा.

पैसा कोठून आणावयाचा? त्या काळच्या रिवाजास धरून सोडत काढण्यांत आली. सोडतीनें गरज भागली नाहीं. काम वर्षानुवर्षें रेंगाळलें. प्रत्यक्ष बांधकामास हात लागला तो १८२० नंतर. आराखडा कर्नल टॉमस कूपर या लष्करी इंजिनियराचा. इमारतीची लांबी २६० फूट व रुंदी १०० फूट, घडण प्राचीन ग्रीक देवळांच्या धर्तीची. शेवटीं उरलेल्या खर्चाचा भार सरकारनें उचलला, आणि त्याच्या मोबदल्यांत इमारतींत आपल्या कचेऱ्यांसाठीं जागा घेतली. म्हणजे सभागृह नगराच्या नांवाचें, पण उभें राहिलें तें सोडतीच्या तिकिटांवर आणि सरकारी तिजोरीवर. ज्याचा पैसा त्याच्या हातीं किल्ली, हा व्यवहार तेव्हांहि असाच होता, आणि या इमारतीच्या पुढच्या शंभर वर्षांच्या इतिहासांतील बरेचसें या एका गोष्टींत सामावलेलें आहे.

इमारत पुरी झाली त्या वेळीं लिटररी सोसायटी ही लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली होती. ती या नव्या वास्तूंत सुखानें नांदूं लागली. हिंदुस्थानच्या विद्येचा अभ्यास करण्यासाठीं स्थापन झालेली ही संस्था. पण १८०४ पासून १८४० पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षें, तिच्या सभासदांच्या यादींत एकाहि हिंदी माणसाचें नांव नव्हतें. वेदांविषयीं निबंध वाचला जाई, पण ज्याच्या घरांत वेद पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत होते त्याला ऐकणाऱ्यांत स्थान नसे. १८४० सालीं माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांस सभासद करून घेण्यांत आलें, आणि तें दार प्रथम किलकिलें झालें. याच माणकजींनीं पुढें मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठीं मुंबईंत अलेक्झांड्रा शाळा काढली. जो स्वतः एका बंद दारांतून आंत आला, त्यानें दुसऱ्यांसाठीं दुसरें दार उघडावें, हें योग्यच झालें.

एकदां फट पडल्यावर दार पुन्हा पूर्ववत् लागत नाहीं. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं प्राचीन शिलालेखांचें वाचन करून आपले निबंध याच संस्थेपुढें मांडले आणि ते तिच्या नियतकालिकांत छापले गेले. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याच्या स्तूपांतून जे अवशेष बाहेर काढले, तेहि याच संस्थेच्या संग्रहीं आले. पुढें १८९२ सालीं न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग हे संस्थेचे अध्यक्ष झाले. पहिल्या हिंदी सभासदापासून पहिल्या हिंदी अध्यक्षापर्यंत ५२ वर्षें लागलीं. पायऱ्या तीसच, चढावयास लागलेला काळ हा असा.

विद्वानांची गोष्ट झाली. आतां विद्यार्थ्यांची पाहूं. एल्फिन्स्टनसाहेबांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधींतून उच्च शिक्षणाची सोय झाली, तेव्हां ऑर्लिबार व हार्कनेस या पहिल्या प्राध्यापकांचे वर्ग प्रथम टाउन हॉलांतच भरत. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, त्या विद्यापीठाची कचेरीहि आरंभीं येथेंच होती. १८५९ मध्यें विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्यांत माधवराव रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ सालीं जे पहिले पदवीधर झाले त्यांत हे दोघे आणि त्यांच्यासह बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघे महाराष्ट्रीय तरुण होते. सरदार, सावकार किंवा साहेब यांपैकीं कांहींहि नसलेल्या तरुणांना केवळ अभ्यासाच्या बळावर मानाचें स्थान मिळूं लागलें तें या काळांत. टाउन हॉलच्या इतिहासांत या गोष्टीचें मोल मोठें आहे. पागोटें बांधलेला, खिशांत फारसा पैसा नसलेला मुलगा या वास्तूंत आला तो पाहुणा म्हणून नव्हे, आपल्या हक्कानें आला.

तरी विद्येचें स्थान ही एक गोष्ट आणि लोकमताचें व्यासपीठ ही दुसरी. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं कंपनी सरकारचा अंमल संपून राणीचा अंमल सुरू झाल्याचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचण्यांत आला. वाचणारे वर होते, ऐकणारे खालीं होते. त्या दिवशीं शब्द पायऱ्या उतरून खालीं आला. खालचा शब्द पायऱ्या चढून वर जावा, यासाठीं आणखी पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

त्यासाठीं जो मार्ग होता तो असा. मुंबईस शेरीफ नांवाचा एक मानाचा अधिकारी असे. शहरांतील प्रतिष्ठित नागरिकांनीं सह्या करून त्याच्याकडे विनंतिअर्ज करावा, आणि त्यानें टाउन हॉलांत नागरिकांची जाहीर सभा बोलवावी, अशी वहिवाट होती. शेरीफनें बोलाविलेल्या सभेंत झालेला ठराव म्हणजे साऱ्या मुंबई शहराचा ठराव, असें मानलें जाई. २८ एप्रिल १८८३ रोजीं अशीच एक गाजलेली सभा या सभागृहांत झाली. हिंदी न्यायाधीशांस जिल्ह्यांच्या ठिकाणीं युरोपियन आरोपींचे खटले चालवितां यावे, यासाठीं आणलेल्या इल्बर्ट बिलावर तेव्हां गोऱ्या समाजानें गहजब मांडला होता. त्याला मुंबईकरांनीं उत्तर दिलें तें येथें. बद्रुद्दिन तय्यबजी, काशिनाथपंत तेलंग आणि फिरोजशहा मेहता या तिघांचीं भाषणें झालीं. एक मुसलमान, एक हिंदु, एक पारशी. शब्द संयमाचे, युक्तिवाद कायद्याचा. दोन वर्षांनीं याच शहरांत काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या सभेचें महत्त्व कळून येतें.

परंतु येथें एक प्रश्न विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. या सभांतून बोलणारे इंग्रजींत बोलत. सह्या करणारे प्रतिष्ठित असत. गिरणगांवांतील कामकरी, गिरगांवांतील कारकून, भुलेश्वरचा लहान दुकानदार यांचें काय? त्यांच्या सभा टाउन हॉलांत होत नसत. त्या भुलेश्वरास माधवबागेंत होत, गिरगांवांत शांतारामाच्या चाळीच्या पटांगणांत होत, चौपाटीच्या वाळूवर होत. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. शहराचें मत याहून मोठ्यानें कधीं बोललें नसेल; पण त्या मताला टाउन हॉलचें छप्पर लाभलें नाहीं. चाळीच्या पटांगणाला पायऱ्या नसतात, हें त्याचें भाग्य.

मराठींत 'पायरी' या शब्दाचा दुसराहि एक अर्थ आहे. आपल्या पायरीनें वागावें, असें आपण म्हणतों. म्हणजे ज्यानें त्यानें आपापली जागा ओळखून असावें. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी म्हणहि आहे. टाउन हॉलच्या पायऱ्यांनीं हे दोन्ही अर्थ पुष्कळ दिवस सांभाळले. ते एका वर्षांत दोनदां मोडले गेले. तें वर्ष १९१८.

पहिलें महायुद्ध चाललें होतें. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं १० जून १९१८ रोजीं टाउन हॉलांत युद्ध परिषद बोलाविली. ती निमंत्रितांची होती, आणि टिळकांस निमंत्रण होतें. ते बोलावयास उठले. राजनिष्ठेचे शब्द बोलून झाल्यावर, देशाचें रक्षण आणि स्वराज्य यांची फारकत करतां येत नाहीं, या मुद्द्याकडे ते वळले. तोंच गव्हर्नरांनीं त्यांस अडविलें. येथें राजकीय चर्चा नको, असें बजावलें. टिळकांनीं पुन्हा आरंभ केला, पुन्हा अडवणूक झाली. तेव्हां लोकमान्य व्यासपीठ सोडून सभागृहाबाहेर पडले. नरसोपंत केळकर, हॉर्निमन प्रभृति मंडळी त्यांच्या पाठोपाठ निघालीं. बॅरिस्टर जीना आंतच राहिले, आणि स्वराज्यसंघाच्या लोकांविषयीं गव्हर्नरांनीं जे उद्गार काढले होते त्यांचा त्यांनीं तोंडावर निषेध केला. एकानें पायऱ्या उतरून उत्तर दिलें, दुसऱ्यानें आंत राहून दिलें. बोलावयास बोलवावें आणि बोलूं देऊं नये, हा प्रकार साऱ्या शहरानें पाहिला.

सहा महिने गेले. विलिंग्डनसाहेबांची मुदत संपत आली. त्यांचा गौरव करून स्मारक उभारावें, असें कांहीं बड्या नागरिकांच्या मनांत आलें. वहिवाटीप्रमाणें शेरीफकडे अर्ज गेला आणि ११ डिसेंबर १९१८ रोजीं सायंकाळीं टाउन हॉलांत मुंबईच्या नागरिकांची जाहीर सभा ठरली. आतां जीना, हॉर्निमन आणि त्यांचे सहकारी यांनीं एक साधा प्रश्न केला. सभा जर नागरिकांची आहे, तर गौरव नको म्हणणारा नागरिकहि तींत येऊन हात वर करूं शकतो कीं नाहीं? सरदार-सावकारांचा खासगी मेळावा असेल तर त्यांनीं तो खुशाल आपल्या बंगल्यांत भरवावा. शहराच्या नांवानें ठराव करावयाचा असेल तर शहराला आंत येऊं द्यावें.

त्या दिवशीं भल्या सकाळपासून लोक टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जमूं लागले. दारें उघडतांच त्यांनीं पुढच्या जागा धरल्या आणि सायंकाळपर्यंत ते तेथेंच ठाण मांडून बसले. सभा सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभाई अध्यक्षस्थानीं होते. गौरवाचा ठराव मांडण्याचा यत्न होतांच सभागृहांत नकाराचा असा घोष उठला कीं बोलणाऱ्याचा शब्द ऐकूं येईना. त्या गोंगाटांतच ठराव मंजूर झाल्याचें चालकांनीं मानून घेतलें. पोलिस कमिशनरांनीं सभागृह रिकामें करण्याचा हुकूम दिला. धक्काबुक्की झाली, तींत जीनाहि सांपडले. बाहेर रस्त्यावर अफाट गर्दी होती. तिनें त्यांचा जयजयकार केला. स्मारक झालें नाहीं तें नाहींच.

या प्रसंगाकडे आज पाहतांना न्यायबुद्धि सोडून चालणार नाहीं. ज्यांना विलिंग्डनसाहेबांचा गौरव करावासा वाटला तेहि मुंबईचेच नागरिक होते, आणि त्यांनाहि बोलण्याचा अधिकार होता. सकाळपासून जागा अडवून बसणें आणि दुसऱ्याचा शब्द गोंगाटांत बुडविणें, हा कांहीं सभाशास्त्राचा आदर्श नव्हे. जूनमध्यें टिळकांचा शब्द अडविला गेला म्हणून आपण हळहळतों, तर डिसेंबरांतील अडवणुकीला केवळ ती आपल्या पक्षाची म्हणून टाळी देतां येणार नाहीं. तथापि दोहोंत एक भेद आहे. जूनमध्यें अडविणाराच्या हातीं सत्ता होती. डिसेंबरांत लोकांपाशीं आवाजावांचून दुसरें कांहीं नव्हतें. नागरिकांच्या सभेंत नागरिकांचीं मतें मोजण्याची कोणाची तयारीच नव्हती. दार सरळपणें उघडलें जात नाहीं तेव्हां तें ढकललें जातें, आणि ढकलतांना आवाज होतोच.

या लढ्याच्या आठवणीसाठीं लोकांनीं माणशीं एक रुपया वर्गणी काढून एक सभागृह बांधलें. काँग्रेस हाऊसच्या आवारांतील 'पीपल्स जीना हॉल' तें हेंच. पुढें लोक त्यास पी. जे. हॉल या आद्याक्षरांनीं ओळखूं लागले. नंतरच्या राजकारणानें त्या नांवाला कोणते रंग चढविले, हा निराळा विषय आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो एक रुपया. टाउन हॉल सोडतीच्या आणि सरकारच्या पैशांतून झाला. हें सभागृह झालें तें ज्यांना बसावयाचें होतें त्यांच्याच पैशांतून. आणि टाउन हॉलसमोरच्या एल्फिन्स्टन सर्कलास स्वातंत्र्यानंतर नांव मिळालें तें हॉर्निमन यांचें. डिसेंबरच्या त्या सभेनंतर चार महिन्यांनीं, एप्रिल १९१९ मध्यें, ज्या इंग्रज संपादकास सरकारनें हद्दपार केलें, त्याचें नांव आज सभागृहाच्या दारासमोर आहे. इतिहास कधींकधीं विलंबानें, पण नेमक्या पत्त्यावर उत्तर पाठवितो.

आज या वास्तूंत एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई हें नांव धारण केलेली तीच जुनी संस्था आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्यासारख्या पंडितांचा तिच्याशीं दीर्घ संबंध होता. दुर्गाबाई भागवत तेथें वर्षानुवर्षें वाचीत बसत. ज्या संस्थेनें ३६ वर्षें हिंदी माणसाला सभासद केलें नाहीं, तिच्याच ग्रंथालयाची ओळख आज पुष्कळ मराठी वाचकांना दुर्गाबाईंच्या नांवावरून होते. दरबार हॉलांत व्याख्यानें होतात. भाषेची अट गेली, वर्णाची गेली, सही करणाऱ्या प्रतिष्ठितांची गेली.

मग आतां सांगावयाचें काय उरलें? उरल्या त्या ३० पायऱ्या. मघांपासून मी त्यांविषयीं लाक्षणिक अर्थानें बोलत होतों. आतां अक्षरशः बोलतों. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दम लागतो, जे चाकांच्या खुर्चीवरून फिरतात, ज्यांना काठीनें चांचपत चालावें लागतें, त्यांनाहि व्याख्यान ऐकावयाचें असतें. त्यांच्या दृष्टीनें ३० पायऱ्या म्हणजे १८४० पूर्वींची ती सभासदांची यादीच होय. 'आंत येऊं नका' असें त्यांना कोणी म्हणत नाहीं, दगडच तें म्हणतो. ग्रीक देवळाच्या धर्तीवर इमारत बांधणाऱ्यांनीं भव्यतेचा विचार केला. उंच जोत्यावर चढून येणाऱ्याचें मन दबावें, हाच त्या घडणीचा हेतु असतो. लोकांच्या सभागृहाचा हेतु याच्या नेमका उलट असावयास पाहिजे.

हा आतां केवळ दयेचा विषय राहिलेला नाहीं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें सार्वजनिक इमारती सर्वांस सुगम असाव्या असें ठरवून दिलें, आणि जुन्या इमारतींतहि तशी सोय करण्यास पांच वर्षांची मुदत घातली. ऐतिहासिक वास्तूचा दगड फोडावा, असें कोणी म्हणत नाहीं. पण बाजूच्या दारापाशीं उतार करतां येतो, पाळणा बसवितां येतो, भिंतीलगत कठडा देतां येतो, पुढच्या रांगेंत चाकांच्या खुर्चीसाठीं जागा राखतां येते. आणि कार्यक्रम ठरवितांना सभागृहाचें भाडें किती व खुर्च्या किती, या दोन प्रश्नांबरोबर तिसरा प्रश्न विचारतां येतो: येथें कोण येऊं शकणार नाहीं? मुंबईचाच नव्हे, आपल्या गांवच्या प्रत्येक जुन्या सभागृहाला, वाचनालयाला, नाट्यगृहाला हा प्रश्न लागू आहे. माझी विनंती एवढीच कीं, आपण ज्या संस्थेचे सभासद असाल तिच्या पुढच्या सभेंत तो एकदां विचारावा.

कारण दार उघडण्याचें काम एका पिढीनें करून संपत नाहीं. १८४० सालीं एक अडसर निघाला, १८८३ सालीं दुसरा, १९१८ सालीं तिसरा; आणि दर वेळीं आंत असलेल्यांना मनापासून वाटत होतें कीं दार तर केव्हांचेंच उघडें आहे. आज आपण आंत आहों. तेव्हां पायऱ्यांच्या तळाशीं कोण थांबलें आहे, हें पाहावयास एकदां बाहेर येऊन खालीं पाहिलें पाहिजे.